गाळलेल्या वाक्यांचं पाकीट

३ सप्टेंबर, मंगळवार

आमची परीक्षा ठरली. वृत्तपत्रं तपासणाऱ्या मंडळाचं पत्र सकाळच्या टपालाने आलं. आमच्या साप्ताहिकात छापलेलं कितपत खरं असतं आणि आम्ही पालिकेतल्या कुठल्या गटाकडे किती झुकतो, हे बघायला त्यांचा परीक्षक दोन आठवडे आमच्यात येऊन बसणार आहे. संपादक ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. वार्ताहर म्हणाला, आता आपलं काही खरं नाही. मला मात्र मनातून आनंद झाला. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलंय, परीक्षेला घाबरणारी मुलं मी तोंडावरून ओळखते. मी घाबरणाऱ्यांतली नाही. माझा चार वर्षांचा अभ्यास एकोणीस खोक्यांत भरून भिंतीशी रचून ठेवलेला आहे.

पणाला लागलंय ते असं. शहरातल्या अकरा वाचनालयांत आमचा अंक टेबलावर असतो. मंडळाने 'झुकलेलं' असा शिक्का मारला तर वाचनालयं अंक ठेवणं बंद करतील, तसा त्यांचा नियमच आहे. आमचे निम्म्याहून जास्त वाचक त्या टेबलांवर बसून वाचतात. हे साप्ताहिक नफ्यासाठी चालत नाही, वाचकांसाठी चालतं. वाचक गेले तर मागे उरतील दोन खोल्या, आणि खालच्या चप्पल-दुरुस्तीच्या दुकानातून जिन्याने वर चढणारा गोंदाचा वास.

५ सप्टेंबर, गुरुवार

परीक्षकाला आपली पद्धत नीट समजावून सांगता यावी म्हणून आज बोलायची तालीम केली. इथेही लिहून ठेवते.

बातमी छापायला जाण्याआधी माझ्या टेबलावर येते. तिच्यातल्या प्रत्येक विधानाला मी आकडा घालते. प्रत्येक आकड्यासमोर दोन पुरावे हवेत, आणि ते एकमेकांना विचारून आलेले नकोत. दोन्ही मिळाले की पेन्सिलीची टिक. नाही मिळाले तर वाक्य गाळायचं. पण गाळलेलं वाक्य मी फेकून देत नाही. चिठ्ठीवर उतरवते, का गाळलं ते खाली लिहिते आणि बातमीच्या फायलीत शेवटी एक तपकिरी पाकीट असतं त्यात घालते. वार्ताहर त्याला स्मशान म्हणतो. त्याच्या जिभेला हाड नाही. मला 'पेन्सिलबाई' हे नाव त्यानेच पाडलं आणि आता खालचा चप्पलवालाही मला त्याच नावाने हाक मारतो.

चूक छापली गेली तर दुरुस्ती पहिल्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, चुकीएवढ्याच मोठ्या अक्षरात. हा नियम संपादकाचा. सातवीत ती माझ्याच वर्गात होती. खाडाखोड न करता चूक एका रेघेने कापायची आणि बरोबर उत्तर शेजारी लिहायचं, हे तिला मी शिकवलं. तेव्हा नियम तिचा असला तरी मूळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

परीक्षक आला. उंच, किडकिडीत, चष्म्याला दोरी. चहा विचारला तर म्हणाला, नियमात बसत नाही. स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणतो. हे मला आवडलं.

त्याने दहा अंकांच्या फायली मागितल्या. मी म्हटलं दहाच का, सगळ्या घ्या. संपादकाने माझ्याकडे पाहिलं, वार्ताहराने छताकडे. मी आणि परीक्षकाने मिळून एकोणीसच्या एकोणीस खोकी त्याला दिलेल्या आतल्या खोलीत नेली. पाकिटांत काय असतं ते त्याने विचारलं. सांगितल्यावर हातातलं खोकं त्याने खाली ठेवलं.

"गाळलेलं तुम्ही जपून ठेवता?"

"का गाळलं त्यासकट," मी म्हटलं.

त्याने चष्मा पुसला. भाव खायची मला सवय नाही, पण आज थोडा खाल्ला.

१५ सप्टेंबर, रविवार

दादा आज पण आला नाही. हा अकरावा रविवार. नदीपलीकडून दर रविवारी पायपुलावरून चालत यायचा, चहा घ्यायचा, आमचा अंक उलटा धरून वाचल्याचं नाटक करायचा आणि म्हणायचा, "बघू या, आमच्या गटाचं काही सरळ छापलंय का." जूनमध्ये पायपूल बंद झाला. तरी महिनाभर मोठ्या पुलाचा वळसा घालून येत होता. जुलैपासून तेही नाही. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, गुडघा. मग म्हणाली, गुडघाच समजा.

दादा पालिकेत विरोधी गटाचा नगरसेवक आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी संपादकाने मला टेबल दिलं तेव्हा विचारलं होतं, बाई, भावाच्या गटाच्या बातम्या मी तपासू का? मी म्हटलं, मुळीच नाही, त्याच तर मी तपासणार, म्हणजे बोट दाखवायला कुणाला जागा उरणार नाही. आणि उरू दिलेली नाही. इतरांना दोन पुरावे, पण दादाच्या गटाने काही म्हटलं की मी डोळ्यांत तेल घालून बसते आणि तिसरा मागते. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असं माझ्याबद्दल म्हणता येईल. याचं त्याला वाईट वाटत असेल तर वाटू दे, मनातून त्यालाही अभिमानच असणार.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिला परीक्षेचं सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, "आई, बिचाऱ्या मामाचं काय होत असेल ते मला विचार. तू वर्गात मला कायम दोन मार्क कमी द्यायचीस."

द्यायचेच. बाईंची मुलगी म्हणून मार्क मिळतात असं तिला कुणी म्हणू नये म्हणून. तिच्याच भल्यासाठी होतं. हे तिला त्या वेळी कळलं नाही, अजूनही कळलेलं दिसत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

परीक्षक मान वर करत नाही. एक वही भरली, दुसरी सुरू झाली. आज त्याने मला बोलावून विचारलं, काही पानांवर हिरवी पेन्सिल दिसते, ती कोणाची?

मी सांगितलं, माझीच. साधी काळी आणि दादाच्या गटासाठी हिरवी. हिरवं दिसलं की लक्षात राहतं, इथे तिसऱ्या पुराव्याशिवाय टिक नाही. असं वेगळं काही कुणी करत असेल असं वाटत नाही.

तो म्हणाला, नाही, मीही पाहिलेलं नाही. मग बराच वेळ लिहीत राहिला, जवळजवळ पान भरून. घरी येताना मी लेकीसाठी नवीन लोकर घेतली. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे लिहायला बसायला मला तीन तास लागले. 

परीक्षकाने कच्चा अहवाल तोंडी सांगितला. आम्ही तिघे समोर. आधी तथ्यांचं. तपासलेल्या विधानांत चुका शंभरात एकाहूनही कमी, आणि जवळजवळ प्रत्येकीची दुरुस्ती छापलेली. छोट्या वृत्तपत्रांत इतकं स्वच्छ काम त्याने पाहिलेलं नाही. मी वार्ताहराकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघून चक्क हसला.

मग कल. पत्र झुकलेलं आहे, तो म्हणाला. विरोधी गटाच्या विरुद्ध.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विरोधी गट म्हणजे दादा. त्याच्या बाजूने झुकले असते तर एक वेळ समजू शकले असते. परीक्षकाने आकडे वाचले. सत्ताधारी गटाची तेरा विधानं गाळलेली, तेराही दोन पुरावे न मिळाल्यामुळे. विरोधी गटाची एक्केचाळीस. त्यातली बरीचशी दोन पुरावे हातात असूनही.

"माझा नियम कडक आहे," मी म्हटलं.

"नियम दोन आहेत, बाई," तो म्हणाला. "एक काळा, एक हिरवा."

मग त्याने दोन पानं शेजारी ठेवली. पहिलं फेब्रुवारीचं. पायपुलावरच्या चर्चेची बातमी आणि मागे पाकिटातली चिठ्ठी, माझ्या अक्षरात: 'नगरसेवकांनी सभेत सांगितलं, खांबाला भेग आहे. पुरावे: त्यांनी काढलेला फोटो, होडीवाल्याचं म्हणणं. तिसरा नाही. गाळलं.' त्याच बातमीत पालिकेच्या सत्ताधारी अध्यक्षांचं 'पूल सुरक्षित आहे' हे वाक्य दोन पुराव्यांवर सुखाने छापलेलं.

दुसरं पान पाच जुलैचं. जूनमध्ये अभियंत्याला भेग सापडली, पूल बंद झाला, सुदैवाने कुणाला काही झालं नाही, त्याची सविस्तर बातमी. तिच्यात विधान क्रमांक नऊ: 'या धोक्याचा इशारा आधी कोणीही दिला नव्हता.' समोर दोन पुरावे, दोन्ही पालिकेच्या कार्यालयातले. आणि माझी टिक, काळी, ठळक.

दादाने इशारा दिला होता. मला सांगितला होता, सभेत सांगितला होता, फोटो आणून दिला होता. मी तो पाकिटात घातला आणि विसरले. पाच महिन्यांनी सगळ्या शहराला सांगितलं की असं कोणी बोललंच नव्हतं. पाच जुलै शुक्रवार होता. सात जुलैपासून दादाचे रविवार बंद आहेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

वार्ताहर सकाळी घरी आला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. कच्च्या अहवालावर आठवड्यात म्हणणं मांडता येतं. आपण लिहू, विरोधी गटाची विधानंच मोघम होती, तीन पुरावे मागणं हा काही गुन्हा नाही. पाकिटं नसती तर परीक्षकाला हे दिसलंही नसतं, तो म्हणाला. यात वाईट हेतू नव्हता त्याचा. वाचनालयांचं सगळ्यात जास्त त्यालाच लागलंय, त्याची आई त्यातल्याच एका टेबलावर आमचा अंक वाचते.

मी त्याला म्हटलं, तू म्हणतोस ते खरं असेल तर दोन पुराव्यांनी सिद्ध करू.

दिवसभर कार्यालयात बसून मी एक्केचाळीस चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक चिठ्ठी अशी वाचली की जणू अध्यक्षांच्या तोंडची आहे. एकोणतीस चिठ्ठ्यांना दोन चांगले पुरावे निघाले. मग त्यांचं पुढे काय झालं ते शोधलं. एकोणतीसपैकी सव्वीस गोष्टी खऱ्या ठरल्या. तीन नाही. मोघम एकही नाही. गणित माझं आहे, दोनदा करून पाहिलं.

मला लाज वाटली. खूप वाटली, टेबलावर डोकं टेकून बसले काही वेळ. पण एक गोष्ट या वहीत तरी कबूल करते. बेरीज जुळली तेव्हा लाजेच्या खाली कुठेतरी जुना आनंद होता. चार वर्षांची चूक, आणि ती माझ्याच खोक्यांतून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत मोजता आली.

२२ सप्टेंबर, रविवार

लेकीला फोन केला. म्हटलं, तुझे दोन मार्क तुला परत.  मग म्हणाली, "चाळीशीला आले मी, आई. पण दे."

दादाला फोन केला नाही. माफी फोनवर मागून मोकळं व्हायला सोपं असतं. मी त्याला पहिल्या पानावर खोटं पाडलं होतं. आधी पहिलं पान, मग फोन.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी संपादकासमोर तीन कागद ठेवले. एक माझी मोजणी. एक परीक्षकाला उत्तर: तुमचं म्हणणं बरोबर आहे, उलट तुम्ही थोडं कमीच धरलंय, हे घ्या आकडे. तिसरा माझा राजीनामा.

तिने पहिले दोन वाचले. तिसरा एका रेघेने कापला, खाडाखोड न करता, आणि शेजारी लिहिलं: 'यापुढे बाईंच्या नातलगांच्या आणि त्यांच्या गटाच्या बातम्या संपादक तपासेल. बाकी सगळ्या बाई.' मग म्हणाली, "बाई, चार वर्षांपूर्वी मी हे विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात आणि मी ऐकलं. तुम्ही माझ्या बाई म्हणून ऐकलं. दुरुस्तीत ते पण लिहा, माझी चूक म्हणून."

मी लिहिलं. अशी विद्यार्थिनी तीस वर्षांत एखादीच मिळते, हे तिला तोंडावर सांगायला मला जमलं नाही. हिरवी पेन्सिल एकोणिसाव्या खोक्यातल्या शेवटच्या पाकिटात घातली. चिठ्ठीवर लिहिलं, का गाळली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अंक आला. पहिलं पान, वरचा डावा कोपरा. ठळक अक्षरात, कारण ते चुकीचं वाक्यही मथळ्याखाली ठळकच छापलं होतं.

'पाच जुलैच्या अंकात आम्ही लिहिलं की पायपुलाच्या धोक्याचा इशारा आधी कोणीही दिला नव्हता. हे चूक आहे. विरोधी गटाच्या नगरसेवकांनी फेब्रुवारीतच तिसऱ्या खांबाला भेग असल्याचं सभेत सांगितलं होतं. आम्ही ते गाळलं. ते आमच्या पडताळणी करणाऱ्या बाईंचे भाऊ आहेत आणि त्यांच्या गटाकडे आम्ही चार वर्षं इतरांपेक्षा एक पुरावा जास्त मागितला. तसं होऊ देणं ही संपादकाचीही चूक. गाळलेली एकोणतीस विधानं आतल्या पानावर, त्यांचं पुढे काय झालं त्यासह.'

छापखान्याच्या शाईचा वास अजून कागदाला होता. मी माझ्या टेबलाशी उभी राहून तीनदा वाचलं. ज्या पानावर आपली चूक एवढ्या मोठ्या अक्षरात आहे त्याचा अभिमान वाटावा, हे कुणाला सांगून पटणार नाही. मला वाटला. वार्ताहराने स्वतः सायकलवरून अकरा वाचनालयांत अंक नेऊन ठेवले. एरवी तो जिना चढतानाही कुरकुरतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

अंतिम अहवाल आला. तथ्यं: उच्च. कल: किंचित, मान्य केलेला आणि दुरुस्त केलेला. 'किंचित'ला वाचनालयांची हरकत नाही, अंक टेबलांवर राहणार. शेवटी परीक्षकाने एक ओळ जास्तीची लिहिली आहे: 'गाळलेलं जपून ठेवणारं हे आम्ही तपासलेलं एकमेव पत्र आहे, म्हणून त्याचा कल सापडू शकला.' संपादकाने ती ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा वाचली. वार्ताहर म्हणाला, आता स्मशान म्हणणार नाही, संग्रहालय म्हणेन.

दुपारी दादाचा फोन. बारा आठवड्यांनी त्याचा आवाज. मी बोलायला तोंड उघडणार तोच तो म्हणाला,

"तुझ्या दुरुस्तीत चूक आहे."

मी दुरुस्तीचं पान समोर ओढलं.

"तिसरा नाही, चौथा खांब. मी सभेत चौथा म्हटलं होतं."

मी त्याला सांगितलं, अभियंत्याच्या आदेशात तिसरा आहे. तो म्हणाला, असेल, मी चौथाच म्हटला. पुरावे हवेत, मी म्हटलं.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन, दादा. सगळ्यांना दोनच."

 मग म्हणाला, उद्या सकाळी दहाला नदीवर ये, मी माझ्या काठावर असेन.

२९ सप्टेंबर, रविवार

पायपुलाच्या दोन्ही तोंडांना फळ्या ठोकलेल्या आहेत. मी या काठावर, दादा त्या काठावर, दोघांच्या कानाला फोन. इतक्या दूरवरूनही त्याचा निळा सदरा ओळखू आला. गुडघा बिडघा काही नाही, ताठ उभा होता.

मी त्याला पद्धत सांगितली. भेगेचा खांब बघायचा, मोजायचं, कागदावर लिहायचं. मी विचारेपर्यंत बोलायचं नाही. त्याने निमूटपणे ऐकलं. भेगेवर अभियंत्याने पिवळ्या रंगाची खूण केली आहे, दोन्ही काठांवरून दिसते. मी मोजलं. तिसरा. लिहिलं. मग विचारलं.

"चौथा," दादा म्हणाला.

मी पुन्हा मोजलं. तोही मोजत होता, हात वर करून एकेक खांब दाखवत. एकूण खांब सहा. मी माझ्या काठाकडून मोजत होते, तो त्याच्या. पालिकेची कचेरी माझ्या काठावर, अभियंता माझ्या काठावर, आमचं कार्यालय माझ्या काठावर. त्या काठावरून कुणी मोजत असेल हे चार वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मी हे त्याला सांगितलं. मग जे सांगायला हवं होतं तेही सांगितलं. दादा, मी तुझ्याशी न्यायाने वागले नाही, आणि त्याचाच अभिमान बाळगून बसले होते. पलीकडे त्याने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "अगं, मी लोकांना सांगायचो, माझी बहीण मला पण सोडत नाही. फेब्रुवारीपर्यंत अभिमानाने सांगायचो."

मी म्हटलं, चहा ठेवते. मोठ्या पुलावरून वळसा घालून ये. चाळीस मिनिटं लागली. दारात येताच त्याने अंक मागितला आणि उलटा धरला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजच्या अंकात दुरुस्तीची दुरुस्ती आली, त्याच कोपऱ्यात: 'भेगेचा खांब शहराच्या काठाकडून तिसरा आणि पलीकडच्या काठाकडून चौथा. नगरसेवक चौथा म्हणाले होते. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत.'

ही बातमी दादाची, म्हणून तपासली संपादकाने. फायलीतलं पान मी आज पाहिलं. विधान एकच. समोर तिच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलंय: 'पुरावा पहिला: बाई, या काठावरून. पुरावा दुसरा: त्यांचे भाऊ, त्या काठावरून. एकमेकांना न विचारता.' आणि खाली साध्या काळ्या पेन्सिलीची टिक. पाकीट रिकामं होतं. मी ते तसंच फायलीत लावलं आणि विसावं खोकं सुरू केलं.